सपाट वाटेचे ऋण

सकाळी धावणाऱ्याला सपाट वाट प्रिय असते. चढ नाही, उतार नाही. श्वास लयीत चालतो, पावले आपोआप पडतात आणि आपल्या अंगी पुष्कळ बळ आहे असे वाटू लागते. या वाटण्यात एक सूक्ष्म फसवणूक दडलेली आहे. वाट सपाट असते म्हणून आपण वेगाने धावतो, श्रेय मात्र आपल्या पायांना देतो. वाट कोणी सपाट केली, हा प्रश्न मनात येतच नाही. तो यावा, म्हणून हा लेखप्रपंच.

जगातील कित्येक सपाट वाटा पाण्याच्या सोबतीने गेलेल्या आहेत. कारण पाण्याला चढ चढता येत नाही. अमेरिकेतील चेसापीक-ओहायो कालव्याचे खोदकाम १८२८ साली सुरू झाले. काठच्या वाटेने खेचरे नावा ओढीत, आणि खेचरांबरोबर नावाड्यांची मुलेही मैलोन्‌मैल चालत. १९२४ साली तेथील नौकावाहतूक थांबली, १९७१ साली कालव्याला राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळाला. सुमारे २९७ किलोमीटर लांबीच्या त्या वाटेवर आज लोक हौसेने धावतात. तो कालवा खोदणाऱ्यांत पोटासाठी आलेले आयरिश मजूर मोठ्या संख्येने होते, आणि त्यांतील अनेकजण आपल्याच श्रद्धेचे होते. १८३२ च्या पटकीच्या साथीत त्यांपैकी कित्येक दगावले. धावणाऱ्याच्या पायाखाली त्यांचे कष्ट आहेत.

आपल्या भिवंडी परिसरात कालव्याच्या जागी जलवाहिन्या आहेत. शहापूर तालुक्यातील तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईची तहान भागवीत आहे. पुढे १९५७ साली मोडक सागर आणि २०१४ साली मध्य वैतरणा धरण झाले. भिवंडी तालुक्याच्या भूमीवरून ते प्रचंड नळ महानगराकडे गेले आहेत. पिसे येथे पाणी उचलले जाते आणि पांजरापूर येथे ते शुद्ध होते. नळांच्या देखभालीसाठी कडेने वाट केलेली असते. अशा वाटेवर चालण्याधावण्याचा मोह कोणाला होणार नाही? परंतु ज्या शहापूर तालुक्यातून हे पाणी येते, तेथील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात बायाबापड्या हंडे मांडून टँकरची वाट पाहत बसतात.

मुंबईत हा प्रश्न अधिक तीव्र झाला. जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंची दहा मीटरपर्यंतची अतिक्रमणे हटवावीत, असा आदेश उच्च न्यायालयाने २००९ साली दिला. पाण्याच्या सुरक्षिततेचा तो प्रश्न होता, आणि लक्षावधी लोक जे पाणी पितात ते सुरक्षित राहिलेच पाहिजे. पुढे महापालिकेने याच मोकळ्या पट्ट्यावर ३९ किलोमीटरचा सायकल व पदपथ योजिला. घरे गेलेल्यांपैकी अनेक कुटुंबांना माहुल येथे पाठविण्यात आले. तेथील हवा रहिवाशांच्या आरोग्यास अपायकारक असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ सालीच नमूद केले होते. एकाच्या फुप्फुसांना मोकळी हवा मिळावी म्हणून दुसऱ्याच्या फुप्फुसांनी कोणती हवा घ्यावी?

यावर कोणी विचारील, ‘फादर, धावणाऱ्याचा यात काय दोष? त्याने कोणाचे घर पाडले नाही, कोणाचे पाणी पळविले नाही.’ प्रश्न रास्त आहे. शरीर ही देवाची देणगी आहे आणि तिची निगा राखणे हे कर्तव्यच आहे. धावपटूची उपमा संत पौलानेही आपल्या पत्रांत योजिली आहे. तेव्हा धावणे हे पाप नव्हे. परंतु येथे दोष आणि ऋण यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. दोष आपल्या कृत्यातून उत्पन्न होतो. ऋण आपल्याला मिळालेल्या लाभातून उत्पन्न होते. ज्याच्या हातून काही अपराध घडला नाही, तोही ऋणी असू शकतो. ज्याचे त्याला देण्याची दृढ इच्छा म्हणजे न्याय, असे संत थॉमस अक्विनस सांगतात. दोषी नसल्याचे समाधान मिळाले, की आपण न्यायाच्या दारातूनच परत फिरतो. तेथेच खरा धोका आहे.

मग हे ऋण फेडावे कसे? निवर्तलेल्या मजुरांना आपण काही देऊ शकत नाही. त्यांच्यासाठी प्रार्थना करू शकतो. जिवंतांचे मात्र देणे आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सुरक्षित पेयजल हा मूलभूत मानवी हक्क असल्याचे निःसंदिग्धपणे सांगितले. हक्क म्हटला, की टँकर पाठविणे ही दया उरत नाही. ती उशिरा केलेली परतफेड ठरते. धरणाच्या पायथ्याशी राहणाऱ्याला पाण्याचा पहिला वाटा मिळावा, घर हटविले त्याला राहण्याजोगी जागा आधी मिळावी आणि पदपथ नंतर व्हावा, ही मागणी आपल्या धर्मग्रामांतून, ग्रामसभांतून आणि मतपेटीतून उठली पाहिजे. घरातला नळ वाहता न सोडणे ही तर अगदी पहिली पायरी.

याकोबाच्या विहिरीपाशी थकलेल्या प्रभूने एका शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागितले. साऱ्या झऱ्यांचा स्वामी याचक झाला, आणि आपण घेणारे आहोत हे सांगण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. आपणही घेणारेच आहोत. अवश्य धावावे, निरोगी राहावे; मात्र मिळालेले बळ स्वतःपाशी साठवू नये. कोणाची तरी वाट अजून चढाची आहे, आणि तिच्या डोक्यावर हंडा आहे.