पायाचं काय?

माझ्या मावशीला लहानपणी पोलिओ झाला. कॅलिपर आणि कुबडी घेऊन तिनं संसार केला, ३५ वर्षं लोकांचे कपडे शिवले. साठीनंतर पोटात कळा येऊ लागल्या म्हणून तिला एका सरकारी रुग्णालयात नेलं. केसपेपरच्या खिडकीवरच्या माणसानं कुबडी पाहिली आणि काही न विचारता अपंगत्वाच्या दाखल्याची रांग दाखवली. पुढे डॉक्टरांचाही पहिला प्रश्न तोच, "पायाचं काय?" मावशी म्हणाली, "पाय आहे तसाच आहे हो. पोट दुखतंय." पित्ताशयात खडे निघाले.

हा प्रश्न आला कुठून, म्हणून मी कायदे वाचत गेलो. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत रुग्णालयं आणि दवाखाने सहाव्या नोंदीत आहेत. अपंग माणसं भेटतात ती नवव्या नोंदीत, कामधंदा करू न शकणाऱ्यांच्या जोडीला, आणि तिथं गोष्ट आहे ती साहाय्याची. त्यापुढची नोंद दफनभूमी आणि स्मशानांची. घटनाकारांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. बरं होऊ शकेल त्याला दवाखाना आणि होणार नाही त्याला मदत, अशीच तेव्हाची सर्वमान्य समजूत होती. पण त्या दोन नोंदींमधलं अंतर पुढे दोन खात्यांमधलं अंतर झालं. आजही केंद्रात दिव्यांगांचा विभाग सामाजिक न्याय मंत्रालयात आहे, आरोग्य मंत्रालयात नाही.

आरोग्य खात्यानं या विषयात हात घातला तो अपंगत्व टाळण्यासाठी, आणि ते काम मोठं झालं. १९७६ मध्ये अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९९५ मध्ये पल्स पोलिओ आला. देशातला नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला. मावशीनं आपल्या नातवंडांना प्रत्येक वेळी बूथवर स्वतः नेलं होतं. तिला त्या कामाची किंमत आपल्यापेक्षा जास्त कळत होती.

त्याच १९९५ मधल्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात आरोग्याचं कलम २५ वं. त्यात अपंगत्वाच्या कारणांचा अभ्यास आहे, मुलांची वर्षातून एकदा तपासणी आहे, गरोदर मातांची काळजी आहे. ज्यांचं अपंगत्व टळलं नाही, त्यांना पुढे मधुमेह झाला किंवा दात दुखला तर काय, याबद्दल त्या कलमात एक ओळही नाही. डॉक्टरांकडे काम उरलं मोजमापाचं. सात प्रकार आणि किमान ४० टक्के. 'टक्केवारी किती?' हा प्रश्न अपंगांच्या घरात रुळला.

१३ डिसेंबर २००६ रोजी संयुक्त राष्ट्रांनी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला. त्यातलं आरोग्याचं कलमही, योगायोगानं, २५ वंच. इतरांना मिळते तशीच आणि त्याच दर्जाची सेवा, गावाजवळ, प्रजनन आरोग्यासह आणि रुग्णाच्या संमतीनं, असं ते सांगतं. म्हणजे इथं अपंग माणूसही आजारी पडू शकतो हे गृहीत धरलं गेलं. भारतानं २००७ मध्ये कराराला मान्यता दिली, पण त्याचं कायद्यात रूपांतर व्हायला २०१६ उजाडलं. नव्या कायद्यात प्रकार २१ झाले आणि आरोग्याचा आकडा पुन्हा २५! सरकारीच नव्हे, खासगी रुग्णालयाच्याही प्रत्येक भागात अडथळ्याविना प्रवेश आणि तपासणीत प्राधान्य, ही त्यातली वाक्यं मी मावशीला वाचून दाखवली. तिनं ती पुन्हा वाचायला लावली. मोफत उपचारांना मात्र उत्पन्नाची अट आहे. ती मला खटकते, कारण अपंग माणसाचा दवाखान्यापर्यंतचा रिक्षाचा खर्च कुठल्याच उत्पन्नाच्या दाखल्यात दिसत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार काही अपंग व्यक्ती इतरांपेक्षा २० वर्षांपर्यंत लवकर मरण पावतात. यामागे केवळ त्यांचं व्यंग नाही. गरिबी, भेदभाव आणि त्यांना सामावून न घेणारी आरोग्यसेवा यांचाही त्यात मोठा वाटा आहे. मला यात तपासणीचं ते टेबल दिसतं, मावशीच्या छातीइतकं उंच. दोन माणसांनी तिला उचलून वर ठेवलं तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले होते.

शस्त्रक्रियेआधी भुलीच्या औषधासाठी वजन हवं होतं. काट्यावर कुबडीशिवाय उभं राहणं तिला जमेना आणि बसून वजन करायचा काटा तिथं नव्हता. केसपेपरवर वजनापुढे अजून तसंच लिहिलेलं आहे : अंदाजे ५०.