अनामिकेचा चेहरा

हेग शहरातील माउरित्सहाउस या संग्रहालयात जेमतेम हातभर उंचीचे एक तैलचित्र आहे. काळोख्या पार्श्वभूमीवर एक तरुणी खांद्यावरून मागे वळून पाहते आहे. डोक्याला निळे-पिवळे वस्त्र, कानात टपोरा मोती. योहानेस फर्मेअर या डच चित्रकाराने ते १६६५च्या सुमारास रंगविले. १८८१ साली लिलावात ते अवघ्या दोन गिल्डर तीस सेंटना विकले गेले. आज ते जगद्विख्यात आहे. मात्र ही मुलगी कोण, हे कोणासही ठाऊक नाही.

फर्मेअरची पत्नी कॅथलिक होती. विवाहसमयी त्यानेही कॅथलिक श्रद्धा स्वीकारली असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्या काळी डेल्फ्ट नगरात कॅथलिकांना उघड उपासनेची मुभा नव्हती. मिस्सा घराच्या आडोशाने होई. नावे सांभाळून उच्चारण्याचाच तो काळ होता. त्याची थोरली कन्या मारिया हीच ही मुलगी, असे काही म्हणतात. १९९९ साली एका कादंबरीकर्तीने तिला घरची मोलकरीण केले. पुरावा कशासही नाही. निनावी चेहरा आपल्याला सोसवत नाही, हेच खरे!

वास्तविक हे व्यक्तिचित्र नव्हेच. डच चित्रकार अशा चित्रास ‘त्रोनी’ म्हणत. त्रोनी म्हणजे चेहऱ्याचा भाव वा पेहराव दाखविण्यासाठी रंगविलेले मुख. समोर कोणी बसले तरी तिचे नाव सांगणे हा हेतूच नसे. या चेहऱ्याला पापण्यांचे केस दिसत नसत, म्हणून तो निव्वळ काल्पनिक असावा, असेही म्हटले जाई. २०१८ साली संग्रहालयाने सूक्ष्म तपासणी केली, तेव्हा पापण्यांचे बारीक केस आढळले. तो काळोखही मुळात हिरवा पडदा होता.

येथे मला ग्रीक भाषेतील ‘प्रोसोपॉन’ हा शब्द आठवतो. त्याचा मूळ अर्थ चेहरा, नटाचा मुखवटाही. पुढे ४५१ सालच्या कॅल्सिडन धर्मपरिषदेने ख्रिस्त ही एकच व्यक्ती आहे हे सांगताना हाच शब्द योजिला. चेहरा आणि व्यक्ती यांना एकच शब्द असावा, हा मला निव्वळ भाषेचा योगायोग वाटत नाही. मग नाव हरवले म्हणजे व्यक्ती हरवते काय? ती मुलगी आपल्याकडे पाहते तेव्हा ‘मोती घातलेली स्त्री’ या वर्गाचा नमुना पाहत नसतो, कोणी एक पाहत असते. तिचे मोल आपल्या माहितीवर अवलंबून नाही.

तरीही नाव ही क्षुल्लक बाब नव्हे. उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राम आणि सारायच्या तोंडी हागारचे नाव एकदाही येत नाही. त्यांच्या लेखी ती फक्त दासी. तिला प्रथम नावाने हाक मारतो तो परमेश्वराचा दूत, तोही रानात. आणि तीच दासी परमेश्वराला ‘पाहणारा’ असे नाव देते! काळाच्या ओघात नाव पुसले जाणे निराळे, आणि ते कोणी विचारलेच नाही हे निराळे. पहिल्यात कोणाचा दोष नाही. दुसऱ्यात आहे.

वाचकहो, त्रोनी आजही निघतात. देणग्यांच्या आवाहनपत्रकांवर डोळे भरून आलेल्या एखाद्या आदिवासी बालकाचा चेहरा छापलेला असतो. खाली शब्द असतात, ‘एक गरीब मूल’. त्या चेहऱ्यावर पैसे जमतात आणि त्यांतून चांगली कामेही उभी राहतात, हे मी नाकारीत नाही. कोणी म्हणेल, नाव छापले तर त्या मुलाचीच मानहानी होईल. मान्य. नाव छापूच नये. परंतु छायाचित्र घेणाऱ्याने ते विचारले होते काय? त्याच्या आईची संमती घेतली होती काय? यंदाच्या नाताळाची पत्रके छापखान्यात जाण्यापूर्वी ते नाव निदान धर्मग्रामाच्या वहीत तरी आहे की नाही, हे कोणीतरी पाहावयास हवे.