ओढ्याचा खर्च कोणाचा?

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यातला आंबिल ओढा पात्र सोडून वस्त्यांत घुसला. कात्रजच्या डोंगरातून निघून धनकवडी, पद्मावती, सहकारनगर, अरण्येश्वर करत दांडेकर पुलाच्या पुढे मुठेला मिळणारा हा ओढा एरवी कोणाच्या खिजगणतीत नसतो. त्या रात्री टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसे गेली. शहर आणि जिल्हा मिळून वीसहून अधिक जीव गेले. काठच्या सोसायट्यांच्या सीमाभिंती वाहून गेल्या आणि पाणी ओसरल्यावर वाद सुरू झाला, की त्या बांधायच्या कोणी? खासगी जागेत सार्वजनिक पैसा खर्च करता येत नाही, असे महापालिका म्हणे. ओढा काही आमचा नाही, मग त्याला थोपवणारी भिंत आमच्या वर्गणीतून का, असे रहिवासी विचारत.

दोघांचेही खोटे नव्हते. पण या वादात तिसरा पक्ष हजरच नव्हता, आणि तो आपण आहोत, ओढ्यापासून लांब, उंचावर राहणारे.

ओढ्यात पाणी येते कुठून? आपल्या गच्चीवरून, पार्किंगमधून, फरसबंद केलेल्या अंगणातून. माती होती तेव्हा ती निम्मे-शिम्मे पाणी पिऊन घेई आणि उरलेले सावकाश सोडी. आता सरीचे पाणी काही मिनिटांत गटारात आणि तिथून ओढ्यात. वर राहणाऱ्याचे अंगण कोरडे राहते, ते खालच्याच्या घरात पाणी शिरते म्हणून. शिवाय बांधकामाचा राडारोडा रात्रीतून ओढ्यात लोटणारा बहुधा काठावरचा गरीब नसतो. त्याच्याकडे डंपर असतो. एवढे कळल्यावर नालेसफाईचा आणि भिंतींचा खर्च ही पूरग्रस्तांना केलेली मदत राहत नाही. ते आपले देणे ठरते.

हे देणे मोजताही येते. जर्मनीतल्या बहुतेक शहरांत सांडपाण्याची पट्टी वेगळी आणि पावसाच्या पाण्याची वेगळी; ही दुसरी पट्टी काँक्रीट किंवा फरशीखाली गेलेल्या जागेच्या चौरस मीटरवर ठरते. जागा उघडी ठेवली, की बिल उतरते. पुण्यात पावसाचे पाणी जिरवणाऱ्या मिळकतींना करात सवलत आहेच. न जिरवणाऱ्याला मात्र काहीच लागत नाही. ही अर्धी बाजू पूर्ण करायला हवी, आणि तो पैसा ओढ्याच्या नावाने वेगळ्या खात्यात राहायला हवा.

‘कर भरतोच की, तो जातो कुठे?’ हा राग मला रास्त वाटतो. मे महिन्यात घाईघाईने काढलेला गाळ काठावरच टाकायचा, तो पहिल्या वळवाने परत आत, आणि ठेकेदाराचे बिल मंजूर, हे सगळ्यांनी पाहिले आहे. म्हणून किती गाळ निघाला, कुठे टाकला, वजनकाट्याची पावती कुठे आहे, हे विचारलेच पाहिजे. मात्र हा राग पैसे न देण्याचे कारण होऊ शकत नाही. तो हिशेब मागण्याचे कारण आहे, आणि भरणारा जितका चोख, तितका त्याचा हिशेबाचा हक्क पक्का.

वाटा सारखा नसावा, हेही स्पष्ट म्हणायला हवे. दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतल्या कुटुंबाने धान्य, अंथरुणे, मुलांची दप्तरे चिखलात गमावली. त्याच्याकडून आणखी एक रुपया मागणे अन्याय आहे. ज्याचे छप्पर आणि आवार मोठे, त्याचा भार मोठा.

सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. रंग, लिफ्ट आणि पार्किंगवर तिथे तासन्‌तास चर्चा चालते. यंदा विषयपत्रिकेत एक विषय आणखी असावा: आपल्या आवारातले पाणी कोणत्या ओढ्याला जाते, आणि त्यातले किती आपण इथेच जिरवणार.