आप्त कोणास म्हणावे?

माझ्या मातोश्रींना उतारवयात नागीण झाली. फोड सुकले, खपल्या पडल्या. पण बरगडीच्या कडेने उठणारी आग काही केल्या शमेना. लुगड्याचा काठ नुसता लागला तरी त्या कळवळत. डॉक्टरांनी गाबापेंटिनची 300 मिलिग्रॅमची कॅप्सूल रात्री घ्यावयास सांगितली. चिठ्ठी हातात धरून मातोश्रींनी मला विचारले, "अरे, हे औषध मला डॉक्टरांनी सांगितलं, पण डॉक्टरांना कुणी सांगितलं?" मी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. आमच्या नैयायिकांनी ज्यास शब्दप्रमाण म्हटले त्याचा अवघा प्रश्न त्या एका वाक्यात आला होता, हे ध्यानी यावयास मला फार काळ लागला.

औषधाचा गुण रोग्यास अनुमानाने कळत नाही, आणि अवगुण प्रत्यक्षाने कळेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून तो वैद्याच्या शब्दावर विसंबतो. वैद्यही दुसऱ्याच्या शब्दावर विसंबतो, आणि हा दुसरा पुष्कळदा औषध करणाऱ्या कंपनीचाच पगारी विद्वान असतो. मालाचा खप वाढविणारे एमआर निराळे आणि या विद्वानांचे मेडिकल अफेअर्स हे खाते निराळे. अमेरिकेतील अपजॉन कंपनीने 1967 साली, शास्त्राचे शिक्षण घेतलेली माणसे डॉक्टरांशी केवळ शास्त्राविषयी बोलण्यासाठी नेमली, तेव्हापासून या खात्यातला मेडिकल लिएझन हा हुद्दा रूढ होत गेला. डॉक्टरांच्या शंकांना लेखी उत्तरे देणे, औषध बाजारात आल्यानंतरचे अभ्यास चालविणे, ही या खात्याची कामे. त्यातही एक नाजूक जागा आहे. परवाना ज्या रोगापुरता मिळाला त्यापलीकडे औषधाचा प्रचार करण्यास अमेरिकेचा कायदा कंपनीला मनाई करतो, परंतु तेच औषध अन्य रोगावर देण्याची मुभा डॉक्टरांना असते; आणि डॉक्टराने आपण होऊन विचारले, तर त्याला शास्त्रीय माहिती देण्याची वाट या खात्यासाठी मोकळी ठेवलेली आहे. ज्या दारातून ज्ञान आत यावे त्याच दारातून विक्रीही शिरू शकते.

मग अशा पगारी माणसाचा शब्द प्रमाण मानावा काय, म्हणजेच त्यास आप्त म्हणावे काय? चरकसंहितेने आप्ताचे लक्षण फार वरच्या पायरीवर नेऊन ठेवले आहे: रज आणि तम यांपासून जो सर्वस्वी मुक्त झाला तो आप्त, आणि त्याचेच वचन निःसंशय. या कसोटीस कंपनीतला डॉक्टर उतरणार नाही. खरे बोलायचे तर खासगी दवाखान्यातला किंवा सरकारी रुग्णालयातलाही उतरणार नाही. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन मात्र अधिक व्यवहारी आहे. ज्याने वस्तू साक्षात जाणली आणि जशी जाणली तशीच सांगण्याच्या इच्छेने जो बोलतो, तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या तिघांना सारखेच लागू, असे तो म्हणतो. ज्यात म्लेच्छ बसतो त्यात पगारदारही बसू शकतो. पगाराने आप्तत्व जात नाही, असे माझे मत आहे. ते जाते 'जशी जाणली तशी' या शब्दांपाशी.

गाबापेंटिनचाच इतिहास पाहा. न्यूरॉन्टिन या नावाने त्याला अमेरिकेत डिसेंबर 1993 मध्ये परवानगी मिळाली, तीही अपस्मारात दुसऱ्या औषधाच्या जोडीला देण्यापुरती. डेव्हिड फ्रँकलिन नावाचा, सूक्ष्मजीवशास्त्रात डॉक्टरेट मिळविलेला एक गृहस्थ 1996 साली वॉर्नर-लँबर्ट कंपनीच्या पार्क-डेव्हिस शाखेत मेडिकल लिएझन म्हणून रुजू झाला. आपण डॉक्टरांशी शास्त्राची चर्चा करणार, या समजुतीने गेलेल्या या माणसास, आपली पदवी परवान्याबाहेरच्या विक्रीसाठी राबविली जात आहे, असे दिसून आले. काही महिन्यांतच राजीनामा देऊन त्याने बॉस्टनच्या न्यायालयात फिर्याद गुदरली. मे 2004 मध्ये कंपनीने गुन्ह्याची कबुली देऊन दंड व भरपाई मिळून 43 कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. त्या वेळी अमेरिकी सरकारने जी कैफियत मांडली तीत हे कलम स्पष्ट होते, की हे लिएझन एखाद्या रोगातील तज्ज्ञ म्हणून मिरवत, आणि ते पुष्कळदा खोटे असे. अपस्मारावर हे औषध एकटेच देण्यास परवानगी नाकारलेली असताना ते तसे द्यावे असा प्रचार झाला. आणि उन्माद-अवसादाच्या विकारात निष्क्रिय गोळीनेही तितकाच किंवा अधिक गुण येतो, असे एका अभ्यासात दिसल्यावरही त्या विकारासाठी ते पुढे केले गेले. साक्षात ज्ञान नाही आणि यथार्थ सांगण्याची इच्छाही नाही: वात्स्यायनाच्या लक्षणाची दोन्ही अंगे तेथे तुटली होती.

येथे एक अडचणीची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती लपविली तर मीही त्याच दोषाचा धनी होईन. ज्या वेदनांसाठी हे औषध परवान्याबाहेर खपविले गेले, त्यांपैकी नागिणीनंतरच्या वेदनेवर 2002 साली त्याला रीतसर परवानगी मिळाली. माझ्या मातोश्रींची चिठ्ठी योग्यच होती. मग त्या लिएझनांचे बोलणे निदान त्या एका बाबतीत खरे ठरले, म्हणून ते आप्त ठरतात काय? मुळीच नाही. लाकूड पोखरताना किड्याकडून अकस्मात एखादे अक्षर उमटले तरी किडा साक्षर होत नाही. आमच्या शास्त्रकारांनी यालाच घुणाक्षरन्याय म्हटले. ज्याच्या मुखी सिद्ध आणि असिद्ध एकाच सुरात येते, त्याच्या खऱ्या वचनाचाही ऐकणाऱ्यास उपयोग नाही, कारण त्यातले खरे कोणते हे निवडण्याचे साधन त्याजपाशी नसते. मातोश्रींची आग दोन-तीन आठवड्यांनी पुष्कळ उतरली. परंतु त्याच कॅप्सुलीच्या भरवशावर ज्यांच्या उन्मादाचे खरे उपचार लांबले असतील, त्यांच्या घरच्यांनी कोणाच्या शब्दाला दोष द्यावा?

मेडिकल अफेअर्सच्या या खात्यात आज आपल्याकडचेही पुष्कळ तरुण डॉक्टर काम करतात. त्यांच्यापाशी माझे एक मागणे आहे. एखाद्या डॉक्टराच्या प्रश्नास आपण उत्तर धाडाल, तेव्हा जो अभ्यास फसला त्याचा उल्लेख पहिल्या पानावर करा, आणि पुरावा नसेल तेथे 'यास पुरावा नाही' असे लिहून खाली आपली सही करा.