तुम्ही तेव्हा कुठे होता?

काळपीच्या वाटेवरची एक विहीर. साल १८५८. झाशी पडलेली. विहिरीपाशी विष्णुभट गोडसे थांबले असताना पठाणी पोशाखातली, धुळीने माखलेली एक स्त्री घोड्यावरून उतरली. ती झाशीची राणी होती. भटजी पाणी काढून द्यायला पुढे झाले, तर आपण विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका म्हणून तिने त्यांना थांबवले. मग ओंजळीने पाणी प्याली, आपल्या नशिबाविषयी चार शब्द बोलली आणि पुढे निघून गेली.

गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’मधला हा प्रसंग मराठी वाचकांना माहीत आहे. राणीचे ते बोलणे लेखांत, भाषणांत इतिहास म्हणून वापरले जाते. या भेटीची दुसऱ्या कुणाची साक्ष मात्र आपल्यापाशी नाही. सांगणारा एकच आहे, आणि तो सांगतो आहे सुमारे पंचवीस वर्षांनी. मग यातले खरे किती मानायचे?

माझे उत्तर असे. पाण्यावर माझा विश्वास आहे, वाक्यांवर तेवढा नाही. पोशाख, धूळ, पाणी कुणी काढायचे यावरून झालेली ती लहानशी अडवणूक, या गोष्टी माणसाच्या डोळ्यांत राहतात. कर्जात बुडालेला कोकणातला भिक्षुक आणि हरलेली राणी एका विहिरीवर समोरासमोर येतात, आणि तशा वेळीही ती त्याच्या विद्येचा मान राखते, हे तो आयुष्यभर विसरणार नाही. बोललेले शब्द मात्र पंचवीस वर्षांत घासूनपुसून गुळगुळीत होतात. तो प्रसंग भटजींनी घरी, यजमानांकडे, पंक्तीत कितीदा तरी सांगितला असणार. दर खेपेला वाक्य थोडे अधिक नेटके झाले असणार. याला मी खोटेपणा म्हणणार नाही. आठवण अशीच टिकते.

गोडसे भटजी पेणजवळच्या वरसईचे. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, घरचे देणे फिटेल, या आशेने ते काकांबरोबर १८५७ साली उत्तरेला निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. त्यांचे पुस्तक वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. स्वतः पाहिलेले सांगताना त्यांची नजर भांड्याकुंड्यांवर असते, आणि ऐकलेले सांगताना गोष्ट एकदम भव्य होते. वाटेत भेटलेल्या शिपायांनी त्यांना बंडाचे कारण सांगितले: इंग्रजांनी राजेरजवाड्यांना बोलावून धर्म बुडवणाऱ्या कलमांची यादी त्यांच्यापुढे ठेवली. असा दरबार इतिहासात सापडत नाही. तरी हा मजकूर मला फार मोलाचा वाटतो. तो घटनेचा पुरावा नाही, पण १८५७ साली शिपायांच्या तळावर काय खरे मानले जात होते, याचा आहे. माणसे त्या गोष्टीवर विश्वास ठेवून मरायला तयार झाली होती.

झाशीच्या लुटीपाशी मात्र सूर पार बदलतो. एप्रिल १८५८मध्ये ह्यू रोजची इंग्रज फौज शहरात शिरली तेव्हा भटजी आतच होते. लुटीचीही पाळी ठरलेली होती, असे ते लिहितात: आधी सोनेनाणे, मग तांब्यापितळेची भांडी, मग कापडचोपड आणि धान्य. रोज नवी टोळी आणि रोज वेगळी वस्तू. असले तपशील रचून सुचत नाहीत. लपून बसलेल्या, पावलांचा आवाज ऐकणाऱ्या माणसालाच ते कळतात.

१८७२च्या पुराव्याच्या कायद्याने साठाव्या कलमात हाच भेद केला होता. पाहण्याजोगी गोष्ट असेल तर ती ज्याने पाहिली त्यानेच सांगायची, ऐकण्याजोगी असेल तर ज्याने ऐकली त्याने. साक्षीदार सज्जन आहे की नाही हा पुढचा प्रश्न. आधी विचारायचे, तुम्ही तेव्हा कुठे होता?

सत्य-असत्याविषयी बोलताना आपण हा प्रश्न फार लवकर सोडून देतो. अकिरा कुरोसावाचा ‘राशोमोन’ १९५०मध्ये आला आणि त्यानंतर ‘ज्याचे त्याचे सत्य’ म्हणण्याची जगभर सोय झाली. मला ही सोय मान्य नाही. त्या गोष्टीत रानात एक प्रेत पडलेले आहे. चौघांनी चार हकीकती सांगितल्या म्हणून मेलेला माणूस चार तऱ्हांनी मेला असे होत नाही. प्रत्येक जण आपली लाज झाकून बोलतो आहे, एवढेच त्यातून कळते, आणि ते कळणेही कमी नाही.

चांगली कादंबरी आपल्याला नेमके हे ओळखायला शिकवते. ‘कोसला’ (१९६३) घ्या. पांडुरंग सांगवीकर स्वतःची कहाणी स्वतःच सांगतो. आपल्याला कशाचेच काही नाही, असा त्याचा आव. वडील, कॉलेज, मित्र, सगळे त्याच्या तिरकस बोलण्यातूनच आपल्यापर्यंत येतात. वडिलांविषयी त्याने दिलेला निवाडा आपण जसाच्या तसा स्वीकारत नाही. त्याच्या रागाआडून दुसरा एक माणूस आपल्याला दिसत राहतो. आणि मग मनी, त्याची लहान बहीण, मरते. तिथे त्याला तो आव पेलत नाही. आधीची पानेच्या पाने ‘काही नाही’ म्हणणारा हा मुलगा काय लपवत होता, ते तेव्हा उमगते. भालचंद्र नेमाड्यांनी आपल्याला फसवले असे कुणा वाचकाला वाटत नाही, कारण पांडुरंग कुठे उभा राहून बोलतो आहे हे त्यांनी आपल्यापासून लपवलेले नाही.

खोटे टिकते त्यात ऐकणाऱ्याचाही हात असतो. १४ जानेवारी १७६१ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पुढे काही वर्षांनी एक माणूस आपण भाऊ असल्याचे सांगू लागला. तो सुखनिधान नावाचा कनोजा ब्राह्मण असल्याचे चौकशीत निघाले, त्याला कैदेत टाकले. तरी १७७६मध्ये तो सुटला आणि कोकणातले किल्ले त्याच्या हाती आले. अखेर त्याच वर्षी त्याला देहदंड झाला. पण एवढी माणसे त्याच्यामागे गेली ती केवळ भोळी म्हणून नाही. काहींचा त्यात स्वार्थ होता. आणि पानिपतात ज्यांचे कुणी परतले नव्हते अशी घरे महाराष्ट्रभर होती. भाऊ परत आले असतील, तर आपलाही कुणी परत येईल. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी तर शेवटपर्यंत वैधव्य स्वीकारले नाही. तोतयाला मी दोष देतो; त्या घरांना देऊ शकत नाही.

आपल्या घरांतही हेच चालते. रिपोर्ट हाती आलेला असतो आणि आजारी माणसाला सांगितले जाते, ‘साधी गाठ आहे.’ आजारी माणूसही पुष्कळदा सगळे ओळखून गप्प बसतो. दोन्ही बाजूंना माया असते, हे मला ठाऊक आहे. तरीही हे खोटे वाईटच. ज्याला निरोपाचे बोलायचे असते, त्याचे ते बोलणे त्यामुळे राहून जाते.

याहून मोठी काळजी मला फोनवरून फिरणाऱ्या मजकुरांची वाटते. ‘माझ्या डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट’ असे वर लिहिलेले असते, आणि तो ‘मी’ कोण, हे पाठवणाऱ्यालाही माहीत नसते. गोडसे भटजी चुकतात तेव्हा ती चूक कुठून आली ते शोधता येते: अमुक वाटेवर, अमुक शिपायांकडून. या मजकुरांना गाव नाही, वाट नाही, शिपाई नाही. त्यातला एखादा खरा निघाला, तरी तो आपण तपासून घेतलेला नसतो.

‘माझा प्रवास’चेही असे एक दुखणे आहे. चिंतामण विनायक वैद्यांच्या आग्रहावरून भटजींनी हे लिहिले, आणि वैद्यांनीच १९०७मध्ये ते छापले. तेव्हा भटजी हयात नव्हते. छापताना वैद्यांनी भाषा बदलली, मजकूर गाळला, मांडणी सावरली. काळ इंग्रजी अमलाचा होता, त्यांची अडचण मी समजू शकतो. पण जवळजवळ साठ वर्षे वाचक ज्याला गोडसे भटजी समजत होते, त्यात वैद्य किती आहेत हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. १९६६मध्ये दत्तो वामन पोतदारांनी मूळ मोडी हस्तलिखितावरून पुस्तक पुन्हा काढले, तेव्हा भटजी आपल्याशी स्वतःच्या तोंडाने बोलू लागले.

आज अनेक घरांत आजीच्या वह्या, पणजोबांच्या आठवणी छापून काढण्याचा उत्साह आहे. त्या घरांना माझी हात जोडून विनंती आहे. शुद्धलेखन सुधारा, हरकत नाही. पण आजी-पणजोबांनी ऐकलेले पाहिले म्हणून छापू नका, त्यांची चूक गुपचूप दुरुस्त करू नका, लाजिरवाणे वाटते म्हणून पान गाळू नका. तुम्हाला काही सांगायचे असेल तर ते खाली, वेगळ्या टायपात, स्वतःच्या नावाने लिहा. आणि मूळ वही जपून ठेवा.