जोगेश्वरीच्या विहिरीतला मासा

मुलुंडहून कांजूरमार्गला यायचं आणि जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडची बस धरायची, ही माझी कित्येक वर्षांची वाट. बसायला जागा मिळाली की पिशवीतून वर्गचाचणीचे पेपर निघतात. पवईला बस तुंबते तेवढ्यात दोन-तीन पेपर होतात, आरे ओलांडेपर्यंत आणखी चार. मी प्राणिशास्त्र शिकवते. पेपर इंग्रजीतून असतात, पण उत्क्रांतीची ओळख बहुतेकांना शाळेत मराठीतून झालेली असते. प्रश्न कसाही फिरवून विचारला तरी निम्म्या पेपरांत एक वाक्य ठरलेलं: उत्क्रांती म्हणजे साध्या जीवांची प्रगत जीवांकडे झालेली वाटचाल. ‘प्रगत’खाली मी लाल रेघ ओढते आणि समासात लिहिते, ‘कशात?’ मुलांच्या लेखी त्या रेघेचा अर्थ अर्धा गुण गेला एवढाच. मला मात्र वाटतं, उत्क्रांतीवरून आपल्याकडे होणारी बहुतेक भांडणं त्या एका शब्दात दडलेली आहेत.

२०२२ मध्ये मुंबईतल्या एका नव्या माशाचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं. नाव रक्तामिक्थिस मुंबा. रक्तासारखा लाल म्हणून ‘रक्तम्’, माशाला ग्रीकमध्ये ‘इख्थिस’, आणि ‘मुंबा’ म्हणजे आपली मुंबाआई. अंग वामेसारखं लांबट, पण वामेशी जवळचं नातं नाही. पर नाहीत, खवले नाहीत, डोळे नाहीत. जमिनीखालच्या पाण्यात राहणारा हा जीव सापडला जोगेश्वरी पश्चिमेला, एका अंधशाळेच्या आवारातल्या विहिरीत. बातम्यांनी या योगायोगाला फार महत्त्व दिलं. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की ती विहीर अजून शाबूत होती. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कुठल्याही उपनगरातल्या जुन्या माणसाला विचारा, तो वाडीतल्या विहिरींच्या जागा हाताने दाखवतो. तिथे आज भरणी आहे आणि भरणीवर इमारत. त्या पाण्यात काय होतं ते बघायला कुणी वाकलं नव्हतं. केरळात कोट्टायमच्या विहिरीतून आलेल्या आंधळ्या मागूरवर्गीय माशाचं, होराग्लॅनिस कृष्णाईचं, वर्णन १९५० मध्येच झालं होतं. आपल्या पायाखालच्या माशाला आणखी ७२ वर्षं थांबावं लागलं.

हा मासा मी वर्गात फळ्यावर काढते तेव्हा कुणीतरी हमखास म्हणतं, “मॅम, म्हणजे हा मागे गेला ना?”

मागे आणि पुढे, खाली आणि वर. हा घोळ काही मुलांचा नाही. ‘उत्क्रांती’ शब्दातच तो ‘उत्’ बसलेला आहे. उत्कर्ष, उन्नती, उत्थान, उद्धार, सगळे शब्द वर चढणारे. संस्कृतात उत्क्रांतीचा जुना अर्थ तर निराळाच होता: जीवाचं देहातून निघून जाणं. वेदान्तातल्या चर्चेत तो शब्द त्याच अर्थाने येतो. मराठीने तो विज्ञानासाठी उचलला, पुढे राजकारणाने ‘क्रांती नव्हे, उत्क्रांती’ अशी जोडी जमवली आणि सावकाश होणारी सुधारणा हा अर्थ कायमचा चिकटला. लोकमान्य टिळकांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कापिल सांख्यशास्त्राशेजारी जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेलची मतं ठेवून पाहिली. म्हणजे मराठी वाचकाला हा विचार भेटला तोच मुळी तत्त्वज्ञानाच्या दारात. त्याचा मला आदरच आहे. पण त्या दारातून आत आलेला माणूस पुढची पायरी शोधत येतो.

डार्विनने स्वतः उत्क्रांतीवरच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथाच्या १८५९ च्या पहिल्या आवृत्तीत ‘इव्होल्यूशन’ हा शब्द वापरला नव्हता. तो आला १८७२ च्या सहाव्या आवृत्तीत. त्याचा आवडता शब्दप्रयोग साध्या मराठीत सांगायचा तर ‘बदलत गेलेला वंश’. यात वरही नाही आणि खालीही नाही, फक्त नातं आहे.

गुहेतल्या आंधळ्या प्राण्यांनी त्यालाही अडचणीत टाकलं होतं. अंधारात डोळा निरुपयोगी खरा, पण तो असल्याने नुकसान काय? नुकसान नसेल तर नैसर्गिक निवड होणार कशाची? डार्विनने निवडीचा हात सोडला आणि गुहेतल्या प्राण्यांचे डोळे केवळ न वापरल्यामुळे गेले, असं लिहून टाकलं. न वापरलेला अवयव पिढ्यान्‌पिढ्या क्षीण होत जातो, हे तर डार्विनच्या आधीच्या लामार्कचं म्हणणं! मी हा उतारा मुलांना मुद्दाम वाचून दाखवते. ज्याच्या नावाने एवढा वाद चालतो तो माणूस इथे चुकला होता, आणि त्याची चूक दाखवली ती उत्क्रांती मानणाऱ्यांनीच. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्हाइसमानने उंदरांच्या शेपट्या पिढ्यान्‌पिढ्या कापल्या. पिल्लं शेपटीसकटच जन्मत राहिली. त्याचं म्हणणं होतं, डोळ्यावरची निवडीची राखण उठली की डोळा आपोआप बिघडत जातो. घराची डागडुजी थांबली की ते पडतं, तसं. १९६८ मध्ये जपानच्या मोतू किमुराने नफा-तोटा काहीच नसलेले बदलही वंशात टिकतात हे गणिताने मांडलं, तेव्हा या विचाराला पक्की बैठक मिळाली.

तरी गोष्ट तिथे संपली नाही. मेक्सिकोत ऍस्टियानॅक्स नावाचा मासा आहे. नदीत राहणाऱ्याला डोळे, गुहांत राहणाऱ्याला नाहीत. २०१५ मध्ये डोळस माशाला पाहण्याचा खर्च किती येतो हे मोजलं गेलं. स्वस्थ असताना शरीर जेवढी ऊर्जा वापरतं त्यातला सुमारे १५ टक्के भाग एक ग्रॅमच्या पिल्लात डोळे आणि मेंदूतला दृष्टीचा भाग मिळून खातात, मोठ्या माशात सुमारे ५ टक्के. जिथे अन्न मुश्किलीने मिळतं तिथे हा खर्च परवडणारा नाही. म्हणजे डार्विनने टाकून दिलेली निवड मागच्या दाराने परत आली. त्यातच आणखी एक गोष्ट कळली होती. या माशात जबडा आणि चवीच्या कळ्या वाढवणारा एक जनुकीय संदेश जोर धरतो, आणि तोच संदेश डोळ्याची वाढ खुंटवतो. तोंड मिळालं, डोळा गेला. यातल्या कशाचा वाटा किती, यावर जीवशास्त्रज्ञ आजही तावातावाने भांडतात. मला तर यातलं सगळ्यात आवडतं ते २००८ मधलं काम. दोन वेगवेगळ्या गुहांतले आंधळे मासे एकत्र आणून त्यांची वीण घेतली, तर काही पिल्लांना चक्क दिसत होतं. दोन्ही गुहांनी डोळा गमावला होता, पण वेगवेगळ्या जनुकांतून. एकाचं जे मोडलं होतं ते दुसऱ्यात धड होतं.

म्हणून ‘बळी तो कान पिळी’ ही म्हण उत्क्रांतीच्या उत्तरात आली की माझा जीव तुटतो. विहिरीतल्या त्या माशाने कुणाचे कान पिळले? त्याच्या पाण्यात, त्याच्या अंधारात त्याचं भागत होतं, पिल्लं होत होती. ‘सर्वांत लायक तो टिकतो’ हे शब्दही डार्विनचे नव्हेत, ते तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सरने १८६४ मध्ये घडवले. डार्विनने ते नंतर उसने घेतले.

आमच्या सोसायटीतले एक काका गणपतीच्या आरतीनंतर दरवर्षी मला थांबवतात. “अहो मॅडम, मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह… आपल्याकडे दशावतारात हे सगळं आहेच की!” काका मनापासून बोलतात, त्यांना आपल्या पूर्वजांचा अभिमान आहे, आणि माझ्या विषयाला ते घरात जागा देऊ पाहतात. मी त्यांना एवढंच म्हणते की काका, दशावतार ही एकामागे एक येणाऱ्यांची रांग आहे. उत्क्रांती हा वंशवृक्ष आहे. मासा पुढे कासव होऊन संपला नाही. तो आजही बाजारात टोपलीत आहे आणि आपल्याइतकाच आजचा आहे. मुलं विचारतात, माकडापासून माणूस झाला तर माकडं अजून कशी? त्यांना मी विचारते, तुझा चुलतभाऊ तुझ्यापासून झाला का? आजोबा एक, घरं दोन. मराठीत नात्यांना एवढे नेमके शब्द आहेत की ही गोष्ट इतकी सोपी करून सांगता येते, आणि तरी आपण शिडीच काढत बसतो.

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला (आताच्या छत्रपती संभाजीनगरला) एका वैदिक संमेलनाच्या वेळी केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेलं नाही, आणि शाळा-कॉलेजांतून हे बदललं पाहिजे. त्याआधी ते मुंबईचे पोलीस आयुक्त होते. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून त्यांचं म्हणणं खोडलं, आणि त्यांचे ज्येष्ठ मंत्री प्रकाश जावडेकरांनी त्यांना अशी विधानं टाळायला सांगितलं. त्या आठवड्यात वर्गात याच्याशिवाय दुसरं काही बोलणं झालं नाही.

मला तेव्हा रिचर्ड ओवेन आठवत होता. ‘डायनोसॉर’ हा शब्द घडवणारा हा शरीररचनेचा मोठा पंडित. रेल्वेच्या पाहणीसाठी आलेले अभियंते जी. टी. क्लार्क यांनी मुंबई परिसराच्या भूगर्भावर लिहिलं, आणि त्याला जोडून १८४७ मध्ये ओवेनने इथल्या खडकात सापडलेल्या एका इवल्या बेडकाच्या जीवाश्माचं वर्णन केलं. लाव्हाच्या दोन थरांमध्ये साचलेल्या गाळातला, सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा तो मुंबईकर बेडूक आज इंडोबॅट्रॅकस पुसिलस या नावाने ओळखला जातो. याच ओवेनने १८६० मध्ये निनावी परीक्षण लिहून डार्विनवर कडाडून टीका केली. डार्विन दुखावला. पण ओवेनने हाडं हातात घेतली होती, आयुष्यभर मोजली होती. त्याच्याशी वाद घालायला हाडंच लागत. ‘कुणी पाहिलं?’ या प्रश्नाशी वाद कसा घालायचा? माझ्या पणजीचं लग्न मी पाहिलेलं नाही, पण तिचं नाक माझ्या तोंडावर आहे.

२०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला. करोनाकाळात भार कमी करायचा म्हणून गाळलेला, तो गाळलेलाच राहिला. १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि नागरिकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग दोनमध्ये मात्र पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे. एकाच मजल्यावरच्या दोन दारांत राहणाऱ्या दोन मुलांपैकी एकाला आपलं नातं कुणाकुणाशी आहे ते कळणार, दुसऱ्याला अकरावीत जीवशास्त्र घेतलं तरच. मला याचा राग येतो, आणि तो आवरावा असं वाटत नाही.

पाहायचंच असेल तर आमच्या प्रयोगशाळेत या. मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि अगर शिजवून बाटल्यांत ओततो, त्यावर फळमाश्या वाढवतो. सगळ्या मजल्याला आंबूस वास असतो. त्यांत एक वाण आहे, ‘आयलेस’. १९१५ पासून माहीत असलेलं हे जनुक बिघडलं की माशीचा डोळा लहान होतो, कधी उगवतच नाही. १९९५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर गेरिंगच्या प्रयोगशाळेने याच्याशी जुळणारं उंदराचं जनुक माशीच्या पायात चालू केलं, तेव्हा तिथे डोळा उगवला. उंदराचा नव्हे, माशीचा. उंदराचा आदेश माशीच्या पेशींना कळला. तेच जनुक माणसात बिघडलं की बाळ बुबुळाच्या रंगीत पडद्याशिवाय जन्मतं.

गेल्या महिन्यात दुसऱ्या वर्षाची एक मुलगी सूक्ष्मदर्शकाखाली ही माशी बराच वेळ पाहत राहिली. मग तिने विचारलं, “मॅम, हिला डोळे नाहीत, मग ही वर कशी चढते?” मी म्हटलं, “अगं, मोजून बघ की.” तिने डोळस माश्यांची एक बाटली घेतली आणि बिनडोळ्यांच्या माश्यांची एक, काळ्या कागदात गुंडाळली, टेबलावर आपटून माश्या तळाशी पाडल्या, दहा सेकंदांनी कागद काढला आणि काचेवर काढलेल्या रेघेच्या वर किती आल्या ते मोजलं. पुन्हा आपटली, पुन्हा मोजलं. वहीत दोन रकाने भरत गेले. शिपाईमामा दिवे बंद करायला दोनदा येऊन गेले. तिची पावणेसहाची बोरिवली गाडी चुकली. मी बाकावर पेपर काढून बसले.