आज्ञा आणि ऐकणे

आज्ञापालन हा सद्गुण मानावा की स्वत्वाचा त्याग, हा प्रश्न जुनाच आहे. तरुणांना हा शब्द जाचक वाटतो. वडीलधाऱ्यांना मात्र घराघरांत त्याचीच उणीव जाणवते. या वादात एका आगळ्या शाळेचे उदाहरण उद्बोधक ठरावे. ती शाळा म्हणजे विद्यार्थ्यांना घेऊन निघालेले शिडाचे जहाज.

आपल्या नौदलाचे तीन डोलकाठ्यांचे 'तरंगिणी' गोव्यात बांधले गेले आणि १९९७ साली सेवेत दाखल झाले. कॅनडाचे 'कॉन्कॉर्डिया' तर तरंगती शाळाच होते. अशा जहाजावर तास भरतात, परीक्षा होतात. परंतु तास संपला की तोच विद्यार्थी भांडी घासतो, डेक धुतो, दोर ओढतो. रात्री पाळी आली की झोप मोडून सुकाणू धरतो किंवा अंधारात नजर लावून उभा राहतो. कोण कोणाचा मुलगा, हे वाऱ्याला ठाऊक नसते. एकाने दोर अवेळी सोडला तर इजा दुसऱ्याला होते. म्हणून तेथे आज्ञा तत्काळ पाळली जाते, आणि त्यात कोणाला अपमान वाटत नाही.

मठातील जीवनाशी याचे विलक्षण साम्य आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या नियमावलीत प्रार्थना, श्रम व वाचन यांच्या वेळा आखून दिल्या आणि स्वयंपाकघरातील सेवा पाळीपाळीने करावयास सांगितली. आज्ञापालनाला तेथे मोठे स्थान आहे. तथापि महत्त्वाच्या प्रसंगी मठाधिपतीने सर्वांचा सल्ला घ्यावा, कारण परमेश्वर पुष्कळदा धाकट्यालाच अधिक हिताचे सुचवतो, असेही संत सांगतात. आज्ञा अशक्य वाटली तर बंधूने आपली अडचण नम्रपणे मांडावी. त्यानंतरही ती कायम राहिली, तर देवावर भरवसा ठेवून पाळावी.

लॅटिन भाषेतील आज्ञापालनाचा शब्द 'ऐकणे' या धातूवरूनच आला आहे. आपणही 'मुलगा ऐकत नाही' असे म्हणतो, तेव्हा त्याच्या कानांविषयी बोलत नसतो. मात्र या शब्दाची दुसरी बाजू आपण सोयीने विसरतो. ज्याची आज्ञा चालते, त्याने कोणाचे ऐकावे?

१७ फेब्रुवारी २०१० रोजी, ब्राझीलच्या किनाऱ्यापासून सुमारे ३०० सागरी मैलांवर, 'कॉन्कॉर्डिया' वादळी वाऱ्यात कलंडून बुडाले. जहाजावर ६४ जण होते. त्यांपैकी ४८ विद्यार्थी. जवळजवळ दोन दिवस तराफ्यांवर काढल्यानंतर सर्वजण वाचले. सुटकेचा सराव आणि अंगी बाणलेली शिस्त त्यांच्या कामी आली. पुढे २०११ साली कॅनडाच्या चौकशी अहवालात दिसून आले, की पाळीवरील अधिकाऱ्याला वाऱ्यातील धोका ओळखता आला नाही आणि शिडे वेळीच कमी केली गेली नाहीत. दोर ओढणारे हात जहाजावर होते. परंतु योग्य वेळी आज्ञा निघाली नाही. खालच्यांची शिस्त कितीही उत्तम असली, तरी वरच्याच्या सावधपणाची जागा ती घेऊ शकत नाही.

यातून आपल्या कुटुंबांनी, शाळांनी आणि धर्मग्रामांनीही बोध घ्यावा. मुलांना आज्ञापालन शिकवणे आवश्यकच आहे. त्याविना ना जहाज चालते, ना घर. परंतु काळोखात पहारा देणाऱ्या पोराने 'पुढे काहीतरी दिसते आहे' असे म्हटले, तर त्याला उद्धट ठरवणारा कप्तान सर्वांनाच बुडवील. अधिकार म्हणजे अधिक ऐकण्याची जबाबदारी होय.

गालील समुद्रावरील वादळाचा प्रसंग आपण जाणतोच. वारा आणि लाटा ज्याचे ऐकतात, त्या प्रभू येशूला भेदरलेल्या शिष्यांनी झोपेतून उठवले. त्यांच्या अल्पविश्वासाबद्दल त्याने त्यांना जरूर खडसावले. पण आधी त्यांची हाक ऐकली आणि तो उठला.